ग्रामपंचायत आणि गांव : सांगणें व ऐकणें

आपल्या शाळेंतील पुष्कळसे विद्यार्थी आसपासच्या खेड्यांतून येतात. गांवच्या नळाला पाणी कोणत्या वेळीं सोडावयाचें, कोणत्या गल्लींत दिवे लावावयाचे, कोणता रस्ता आधीं दुरुस्त करावयाचा, हें कोण ठरवितें असें त्यांना विचारलें, तर ‘ग्रामपंचायत’ असें उत्तर तत्काळ मिळेल. परंतु पंचायतीनें जें ठरविलें तें घरोघरीं कसें कळतें, आणि घरच्या मंडळींना जें वाटतें तें पंचायतीला कसें कळतें, असा दुसरा प्रश्न केला, तर उत्तर द्यावयास थोडा विलंब लागेल. वस्तुतः हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. निर्णय कितीही चांगला असला तरी तो लोकांना वेळेवर कळला नाहीं तर त्याचा उपयोग होत नाहीं. आणि चुकीचा निर्णय वेळेवर कळला तर तो सुधारून घेतां येतो. म्हणून पंचायत गांवाशीं कशी बोलते, आणि गांवाचें म्हणणें तिच्या कानावर कसें जातें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

प्रथम पंचायत आणि ग्रामसभा यांतील भेद नीट ध्यानांत घेतला पाहिजे. महाराष्ट्रांत सुमारें २८,००० ग्रामपंचायती आहेत. त्यांचा कारभार १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणें चालतो. पुढें संसदेनें १९९२ सालीं संमत केलेली ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अंमलांत आली, आणि या संस्थांना राज्यघटनेचा आधार मिळाला. पंचायतींत ७ पासून १७ पर्यंत सभासद असतात, व २०११ पासून आपल्या राज्यांत निम्म्या जागा स्त्रियांकरितां राखून ठेवलेल्या आहेत. हे सभासद लोकांनीं निवडून दिलेले असतात. ग्रामसभा ही याहून निराळी. गांवच्या मतदारयादींत ज्यांचीं नांवें आहेत ते सर्व स्त्रीपुरुष मिळून ग्रामसभा होते. पंचायतीची मुदत पांच वर्षांची. ग्रामसभेला मुदत नाहीं. एकत्र कुटुंबाची उपमा द्यावयाची तर ग्रामसभा हें कुटुंब व पंचायत हा त्याचा कारभारी होय. कारभाऱ्यानें खर्चापूर्वीं कुटुंबाला विचारावें आणि खर्चानंतर हिशेब सांगावा, हीच रीत येथेंही अपेक्षित आहे.

जुन्या काळीं गांवाला वर्दी देण्याचें मुख्य साधन म्हणजे दवंडी. सायंकाळीं माणसें रानांतून परतलीं म्हणजे हलगीचा आवाज उठे. दवंडी देणारा चौकाचौकांत थांबे आणि सारा कधीं भरावयाचा, गुरें कोणत्या रानांत सोडूं नयेत, यात्रा कोणत्या दिवशीं, हें मोठ्यानें सांगे. दवंडीचे गुण खरे होते. ती ऐकण्यास अक्षरओळख लागत नसे. आणि ती लोकांना आपल्याकडे बोलावीत नसे, स्वतःच त्यांच्या दाराशीं जाई. परंतु तिचे दोषही लहान नव्हते. दवंडीला उलट प्रश्न विचारतां येत नसे. सांगणारा हा केवळ निरोप्या. हुकूम कोणाचा, कां निघाला, तो बदलूं शकतो काय, हें त्याला ठाऊक नसे व सांगण्याचा त्याला अधिकारही नसे. याहून गंभीर गोष्ट अशी कीं, गांवोगांव हें काम बहुधा महार समाजाच्या माणसांवर वतनाच्या नांवाखालीं लादलेलें असे. ज्याच्या मुखानें साऱ्या गांवाला बातमी मिळे, त्याला चावडीच्या ओट्यावर इतरांच्या बरोबरीनें बसण्याची मुभा नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं १९२८ सालीं मुंबईच्या कायदेमंडळांत या वतनाच्या कायद्यांत दुरुस्ती सुचविणारें विधेयक मांडलें. तथापि हीं कनिष्ठ ग्रामवतनें रद्द करणारा कायदा होण्यास १९५८ साल उजाडावें लागलें. सांगण्याचें काम एकाचें, ठरविण्याचें दुसऱ्याचें आणि मुकाट्यानें ऐकण्याचें बाकीच्यांचें, अशी ती व्यवस्था होती. आजच्या ग्रामसभेचें मोल समजावयाचें असेल तर ही जुनी व्यवस्था विसरून चालणार नाहीं.

आज दवंडीच्या जोडीला सूचनाफलक आला आहे. पंचायत कार्यालयाच्या भिंतीवर, चावडीवर आणि गांवांतील इतर सार्वजनिक जागीं सभेची सूचना लावावी लागते. सर्वसाधारण ग्रामसभेची सूचना सभेच्या किमान सात दिवस आधीं निघावी असा नियम आहे. तिच्यांत सभेचा दिवस, वेळ, जागा आणि विचारार्थ विषय दिलेले असावेत. सात दिवसांची ही मुदत कशासाठीं, असें कोणी विचारील. ज्याला मजुरीवर जावयाचें आहे त्याला एक दिवस मोकळा ठेवतां यावा, ज्याला कागद जमवावयाचे आहेत त्याला ते जमवितां यावे, आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं आपसांत बोलून आपलें मत बनवावें, यासाठीं ती आहे. सभेच्या आदल्या सायंकाळीं चिकटविलेली सूचना फलकावर दिसते खरी, पण तिनें लोकांना विचार करण्यास अवकाश दिला असें म्हणतां येत नाहीं.

फलकाची भाषा हाही एक मोठा प्रश्न आहे. ‘घरकुल योजनेंतर्गत पात्र लाभार्थी निवडीच्या अनुषंगानें पुढील कार्यवाहीस्तव’ अशा शब्दांची सूचना पुष्कळांच्या नजरेखालून जाते, पण मनांत उतरत नाहीं. तीच गोष्ट अशी लिहितां येईल : ‘ज्यांना राहण्यास पक्कें घर नाहीं अशा कुटुंबांचीं नांवें या सभेंत निवडावयाचीं आहेत. आपलें नांव यादींत आहे कीं नाहीं हें येऊन पाहावें. नसेल तर सभेंत सांगावें.’ दुसरें लिहिणें कमी प्रतिष्ठेचें आहे असें कोणीं समजूं नये. पहिल्यांत कचेरी कचेरीशीं बोलते. दुसऱ्यांत पंचायत माणसांशीं बोलते.

हा केवळ भाषेचा वाद नव्हे, हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. समजा, गांवठाणापासून तीन मैलांवर एक वाडी आहे. तेथें एक विधवा बाई दोन मुलांसह गळक्या छपरांत राहते. तिला वाचतां येत नाहीं. सूचना गांवांतल्या फलकावर लागली, सभा भरली, यादी वाचली गेली, कोणीं हरकत घेतली नाहीं, ठराव झाला. कायद्याच्या दृष्टीनें सारें यथास्थित झालें. पण त्या बाईचें नांव यादींत नव्हतें, आणि तें नाहीं हें तिला पुढच्या पावसाळ्यांत कळलें. येथें कोणीं चोरी केली नाहीं, कोणीं खोटें बोललें नाहीं. केवळ एक बातमी तीन मैल चालून गेली नाहीं. अशा न पोंचलेल्या बातमीची किंमत नेहमीं दुर्बळालाच द्यावी लागते, कारण सबळ माणसाला ती कोठून ना कोठून कळतेच.

आतां ग्रामसभेकडे वळूं. वर्षांतून किमान चार ग्रामसभा भरविल्या पाहिजेत असें कायदा सांगतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर हे दिवस यासाठीं पुष्कळ ठिकाणीं रूढ झाले आहेत. सरपंच सभेचे अध्यक्ष असतात आणि पंचायतीचा सचिव, ज्याला आपण ग्रामसेवक म्हणून ओळखतों, तो इतिवृत्त लिहितो. पुरेशा कारणावांचून सभा बोलाविल्या नाहींत तर सरपंचाला पद गमवावें लागूं शकतें. यावरून कायद्यानें सभेला किती महत्त्व दिलें आहे तें दिसेल. सभेस एकूण मतदारांच्या शेंकडा १५ किंवा १०० यांपैकीं जी संख्या कमी असेल तितके लोक हजर असावे लागतात. तितके न जमल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला मग संख्येचें बंधन राहत नाहीं. म्हणजे शंभर माणसें घरीं बसलीं तर पुढच्या वेळीं दहा माणसें साऱ्या गांवाच्या वतीनें ठराव करूं शकतात. गैरहजर राहणें म्हणजे तटस्थ राहणें, असें पुष्कळांस वाटतें. पण येथें गैरहजेरी हीही एक प्रकारची संमतीच ठरते.

वर्षाच्या पहिल्या सभेंत मागील वर्षाचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल, चालू वर्षीं करावयाचीं कामें आणि हिशेबतपासनिसांचे शेरे हे सर्व ग्रामसभेपुढें ठेवावे लागतात. प्रत्येक नियमित ग्रामसभेपूर्वीं स्त्रियांची स्वतंत्र सभा घ्यावी अशीही कायद्याची आज्ञा आहे. याचें कारण उघड आहे. पाणी कोण भरतें, नळ बंद पडला तर पहांटे उठून विहिरीवर कोण जातें, याचें ज्ञान जिला आहे ती भरसभेंत वडीलधाऱ्यांपुढें बोलण्यास संकोचते. आधीं आपल्या सख्यांमध्यें बोलून तिचें म्हणणें कागदावर आलें, म्हणजे तें मोठ्या सभेंत मांडणें सोपें जातें. अर्थात् ही सभा खरोखर भरली तरच हा लाभ. नुसतें रजिस्टर घरोघर फिरवून सह्या व अंगठे गोळा केले, तर कागदावर सभा होते आणि गांव मुका तो मुकाच राहतो.

हिशेब लोकांपुढें ‘ठेवणें’ आणि तो लोकांना ‘कळणें’ यांत अंतर आहे. हें अंतर कसें तुटतें, याचा उत्तम दाखला राजस्थानांत घडला. तेथील ‘मजदूर किसान शक्ति संघटन’ या संस्थेनें २ डिसेंबर १९९४ रोजीं पाली जिल्ह्यांतील कोटकिराना या गांवीं एक जनसुनावणी भरविली. सार्वजनिक कामांवरील मजुरांचीं हजेरीपत्रकें व बिलें मिळवून तीं सर्वांसमक्ष मोठ्यानें वाचण्यांत आलीं. वाचावयास न येणारे मजूरही तीं ऐकूं लागले, आणि आपण कधीं गेलोंच नाहीं त्या कामावर आपली हजेरी मांडलेली आहे, असें कित्येकांच्या ध्यानांत आलें. कपाटांत पडून असलेला कागद ज्या गोष्टी लपवीत होता, त्या तोच कागद मोठ्यानें वाचतांच बोलूं लागला. या व अशा चळवळींतूनच पुढें २००५ चा माहितीच्या अधिकाराचा कायदा झाला. आपल्या राज्यांतही राळेगणसिद्धीचे श्री. अण्णा हजारे यांनीं या अधिकारासाठीं आंदोलनें केलीं. या कायद्याप्रमाणें कोणीही नागरिक १० रुपये शुल्क भरून पंचायतीकडे लेखी माहिती मागूं शकतो, व सामान्यतः ३० दिवसांच्या आंत त्याला उत्तर मिळालें पाहिजे. दारिद्र्यरेषेखालील माणसाला शुल्कही द्यावें लागत नाहीं. याशिवाय, कोणी मागण्याची वाट न पाहतां बरीचशी माहिती आपण होऊन प्रसिद्ध करणें हें प्रत्येक सार्वजनिक संस्थेचें कर्तव्य आहे, असेंही याच कायद्यांत म्हटलें आहे.

पंचायत व गांव यांचें बोलणें नीट चाललें म्हणजे काय साधतें, हें पाहावयास आपल्याच राज्यांतील दोन गांवें पुरेत. अहिल्यानगर (पूर्वीचें अहमदनगर) जिल्ह्यांतील हिवरे बाजार हें अल्प पावसाचें गांव. श्री. पोपटराव पवार १९८९ सालीं तेथें सरपंच झाले. डोंगरउतारावर चर खणणें, बांध घालणें हीं कामें तर झालींच. परंतु आपल्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. तेथें पावसाळा संपला म्हणजे पडलेल्या पावसाचें मोजमाप करून गांवांत किती पाणी आहे याचा ताळेबंद ग्रामसभेंत मांडतात. आधीं माणसांच्या व जनावरांच्या पिण्याचें पाणी बाजूला काढावयाचें, आणि उरलेल्या पाण्यावर कोणतीं पिकें घ्यावयाचीं तें ठरवावयाचें. पाऊस कमी झाला तर अधिक पाणी पिणारें पीक घेऊं नये, असें ठरतें. शेतीसाठीं विंधनविहिरी खणावयाच्या नाहींत हा निर्बंधही गांवानें स्वतःवर घालून घेतला आहे. आपल्या शेतांत काय पेरावें हें दुसऱ्यानें सांगितलेलें कोणत्या शेतकऱ्याला रुचेल? पण आंकडे सर्वांसमोर असतात, ते कसे काढले हें ठाऊक असतें, आणि निर्बंध सर्वांना सारखा असतो. म्हणून तो पाळला जातो.

दुसरें गांव गडचिरोली जिल्ह्यांतील मेंढा (लेखा). हें गोंड आदिवासींचें लहानसें गांव. तेथील ग्रामसभा बहुमतानें निर्णय घेत नाहीं. सर्वांची सहमति होईपर्यंत चर्चा चालते. एखाद्याचा विरोध असला तर विषय पुढच्या सभेकडे जातो. कठीण विषय समजून घेण्यासाठीं तेथें अभ्यासगट बसतात. बाहेरच्या जाणत्या माणसांनाही त्यांत बोलावितात. परंतु निर्णय मात्र गांवाचाच. वनहक्क कायद्याखालीं २००९ सालीं या गांवाला सुमारें १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, आणि २०११ सालीं बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही ग्रामसभेच्या हातीं आला. सहमतीची ही रीत वेळ फार खाते, असा आक्षेप घेतां येईल, आणि मोठ्या गांवांत ती जशीच्या तशी चालेल असेंही नाहीं. परंतु एकट्या माणसाचा नकारसुद्धां ऐकून घ्यावयाचा, ही तिच्यांतील शिकवण कोणत्याही गांवानें घेण्यासारखी आहे.

अलीकडे नवीं साधनें पुष्कळ आलीं आहेत. ध्वनिक्षेपकावरून सूचना देतात. पुष्कळ गांवांचे व्हॉट्सॲपवर गट आहेत. आणि २४ एप्रिल २०२० रोजीं सुरू झालेल्या ‘ई-ग्रामस्वराज’ या संकेतस्थळावर पंचायतीचा वार्षिक आराखडा व जमाखर्च घरबसल्या पाहतां येतो. पुण्यामुंबईस नोकरीला गेलेल्या गांवकऱ्यालाही गांवचा कारभार कळूं लागला, हा लाभ थोडा नव्हे. तथापि दोन गोष्टी विसरूं नयेत. एक, ज्या घरांत एकच भ्रमणध्वनी आहे आणि तो घरधन्याच्या खिशांत आहे, त्या घरांतील स्त्रियांपर्यंत ही बातमी पोंचेलच असें नाहीं. दुसरी, गटावर टाकलेला निरोप म्हणजे ग्रामसभा नव्हे. तेथें अंगठ्याचीं चित्रें शंभर उमटतात. पण त्यांतून ठराव होत नाहीं, आणि कोणी विचारलेला अडचणीचा प्रश्न दुसऱ्या शंभर निरोपांखालीं गाडला जातो. फलक, दवंडी, भ्रमणध्वनी हीं सारीं साधनें लोकांना सभेपर्यंत आणण्यासाठीं आहेत. सभेची जागा त्यांपैकीं कोणीही घेऊं शकत नाहीं.

या सर्व विवेचनाचा इत्यर्थ असा कीं, कोणत्याही पंचायतीच्या बोलण्याची परीक्षा तीन प्रश्नांनीं करतां येते. बातमी सर्वांत दूरच्या घरापर्यंत वेळेवर गेली काय? ती त्या घरांतील कमींत कमी शिकलेल्या माणसाला समजली काय? आणि त्यानें दिलेलें उत्तर परत येऊन इतिवृत्तांत लिहिलें गेलें काय? यांतील तिसरा प्रश्न बहुधा विसरला जातो. सभेंत कोणी तक्रार केली आणि ती लिहिली गेली नाहीं, तर ती वाऱ्यावर गेली. ती लिहिली गेली, पुढच्या सभेंत वाचली गेली आणि तिचें काय झालें हें सांगितलें गेलें, म्हणजे बोलणाऱ्याला पुन्हां बोलण्याचें धैर्य येतें. आणि त्याला पाहून शेजारच्यालाही येतें.

विद्यार्थिमित्रहो, अठरा वर्षें पूर्ण होईपर्यंत तुमचें नांव मतदारयादींत येणार नाहीं, म्हणून ग्रामसभेंत तुम्हांला मत नाहीं. परंतु तुम्हांला वाचतां येतें, आणि हें सामर्थ्य सामान्य नव्हे. शाळेंतून घरीं जातांना पंचायतीच्या फलकाशीं दोन मिनिटें थांबा. त्यावर काय लिहिलें आहे तें उतरून घ्या, आणि घरीं आजीला, आईला, व ज्यांच्या घरीं कोणी वाचणारें नाहीं अशा शेजाऱ्यांना साध्या बोलींत सांगा. शेजाऱ्यावर प्रीति करावी असें आपणांस या शाळेंत शिकवितात. त्याच्या कामाची सूचना त्याला वाचून दाखविणें हें त्या शिकवणीचें अगदीं रोजच्या व्यवहारांतील आचरण होय. कांहीं गांवीं मुलांची बालसभाही भरते. आपल्या गांवीं भरत असेल तर तेथें शाळेच्या वाटेवरील खड्डा किंवा नसलेलें स्वच्छतागृह यांविषयीं धीटपणें बोला, आणि तुमचें म्हणणें लिहून घेतलें कीं नाहीं तें विनयानें विचारा.

पालकांनाही एक विनंति आहे. पुढच्या ग्रामसभेस आपण जाल तेव्हां एकटे जाऊं नका; घरांतील स्त्रियांना बरोबर न्या, आणि मागील सभेचें इतिवृत्त वाचून दाखविण्याचा आग्रह धरा. सरपंच व सभासद हे आपल्यांतीलच माणसें आहेत. प्रश्न विचारणारा म्हणजे शत्रु, असें त्यांना वाटूं नये. आणि प्रश्न विचारला तर आपलें काम अडेल, असें आपणांसही वाटूं नये. ज्या गांवांत हें भय दोन्हीं बाजूंनीं गेलें, तेथें वाडीवरच्या त्या बाईला आपलें नांव यादींत नाहीं ही गोष्ट कळावयास पावसाळ्याची वाट पाहावी लागणार नाहीं.